अभ्यासासाठी डोक्याला करंट: कोल्हापुरातलं एक प्रकरण

मी कोल्हापुरात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतो. हे प्रकरण माझ्याच दवाखान्यातलं आहे. मुलाची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे, माझ्याकडून जे निसटलं त्यासकट.

पार्श्वभूमी

मुलगा पंचवीस वर्षांचा. गाव राधानगरी तालुक्यात, घरी थोडा ऊस आणि दोन म्हशी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर तो एमपीएससीच्या तयारीसाठी कोल्हापुरात आला आणि मंगळवार पेठेत मामाकडे राहू लागला. मामांचं उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. सकाळी आठ ते रात्री दहा मुलगा राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत बसायचा. दोनदा पूर्वपरीक्षा निघाली, दोन्ही वेळा मुख्य परीक्षेत अडकला.

दुसऱ्या निकालानंतर तो गप्प झाला. एकच पान तासभर समोर असायचं. पहाटे चारला जाग यायची ती यायचीच. जेवण अर्ध्यावर आलं. मामीला वाटलं, निकाल मनाला लावून घेतलाय, होईल हळूहळू बरा. या सगळ्याला नैराश्य म्हणतात हे त्या घरात कुणी उच्चारलं नाही आणि त्यालाही ते सुचलं नाही. त्याच्या लेखी अडचण एकच होती, लक्ष लागत नाही. उपायही त्याने लक्ष लागण्यापुरताच शोधला.

मोबाइलवर त्याला एक व्हिडिओ दिसला: कपाळावर दोन ओले स्पंज, मधे नऊ व्होल्टची बॅटरी, आणि ‘मेंदू जागा होतो’ हा दावा. डिप्लोमावाल्या मुलाला हे सर्किट म्हणजे एका संध्याकाळचं काम. पाचशे रुपयांच्या आत सगळं सामान आलं.

तो जे करत होता त्याला टीडीसीएस म्हणतात, म्हणजे कवटीवरून मेंदूला सौम्य एकदिश वीजप्रवाह देणं. मानसोपचारात भूल देऊन जो ‘शॉक’ देतात त्याच्याशी याची गल्लत करू नये. तिथे प्रवाह शेकडो मिलिअँपिअर असतो आणि ठरवून झटका (फिट) आणला जातो. टीडीसीएसमध्ये एक ते दोन मिलिअँपिअर, वीस-तीस मिनिटं, आणि झटका येत नाही. जर्मनीतल्या गॉटिंगेन इथे नित्शे आणि पाउलुस यांनी २००० साली दाखवलं की इतक्या कमी प्रवाहानेही मेंदूच्या हालचाल-केंद्राची उत्तेजनक्षमता काही मिनिटं बदलते. तेव्हापासून नैराश्य, पक्षाघात, भास अशा अनेक आजारांवर याचे प्रयोग झाले. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतही यावर काम चालतं. म्हणजे मुलाने पकडलेलं टोक खोटं नव्हतं. म्हणूनच त्याला ‘काहीतरी खुळचटपणा’ म्हणून उडवून लावणं मला कधीच पटलं नाही.

वही

हे प्रकरण उलगडलं ते एका दोनशे पानी वहीमुळे. मुलगा शिस्तीचा. त्याने पहिल्या दिवसापासून रकाने आखले होते: तारीख, प्रवाह, मिनिटं, किती प्रकरणं वाचली, झोप.

जूनच्या शेवटी नोंद आहे १ मिलिअँपिअर, २० मिनिटं, झोप ७ तास. कपाळाच्या डाव्या बाजूला वर प्लसचा स्पंज, उजव्या भुवईच्या वर मायनसचा. जागा शोधायला त्याने मामीच्या शिलाई मशीनजवळची टेप घेऊन नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत मोजमाप केलं होतं, संशोधनात करतात तसंच. पहिले आठ-दहा दिवस त्याला खरंच बरं वाटलं. ते विजेमुळे, की आपण काहीतरी करतोय या उभारीमुळे, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

मग आकडे चढू लागले. दीड मिलिअँपिअर. दोन. वीस मिनिटांची तीस, तिसाची चाळीस. जुलैच्या मध्यात दिवसातून दोनदा. ‘वीस मिनिटांत इतकं, तर चाळीस मिनिटांत दुप्पट,’ हा त्याचा हिशेब. उसाला पाणी देतानाही हा हिशेब चालत नाही आणि मेंदूत तर नाहीच. नित्शेंच्याच गटाच्या प्रयोगात एक मिलिअँपिअरचा प्लसचा प्रवाह तेरा मिनिटं दिला तर उत्तेजनक्षमता वाढली, तोच सलग सव्वीस मिनिटं दिला तर उलट घटली. मायनसच्या बाजूचंही तसंच. एक मिलिअँपिअरला जो परिणाम दाबणारा असतो तो दोनला चेतवणारा निघाला. २०१३ साली ऑक्सफर्डच्या एका प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. मेंदूच्या एका भागाला प्रवाह दिल्यावर नवे अंक शिकणं सुधारलं, पण शिकलेलं आपोआप वापरता येणं बिघडलं. पाठांतर आणि वेगावर उभ्या असलेल्या परीक्षेसाठी ही किंमत लहान नाही.

वहीतला शेवटचा रकाना मात्र कुणी बघितलाच नाही. झोप ७. झोप ६. झोप ५, तीही कमी वाटत नाही असा शेरा. मग ४. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ३, पुढे दोन उद्गारचिन्हं. अक्षर पानागणिक मोठं होत गेलेलं. आधी ओळीत बसणारं अक्षर शेवटी दोन ओळी व्यापायला लागलं होतं आणि समासात बाण, वर्तुळं, अधोरेखनं.

पहिली भेट: जे निसटलं

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मामी त्याला घेऊन आली. उजव्या भुवईच्या वर रुपयाच्या नाण्याएवढी जखम. मी विचारलं, “हे कसं झालं रे?” तो म्हणाला, “इस्त्री लागली.” मामी शेजारी उभी. मी जखम धुतली, सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम लिहून दिलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पावसाळ्याचे दिवस, बाहेर तापाच्या पेशंटची रांग. पाच मिनिटांत भेट संपली.

ती जखम इस्त्रीची दिसत नव्हती, हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. इस्त्रीचा चटका लांबट येतो, त्याला कडेची रेघ असते. इथे कडा गोल होती आणि आत टाचणीच्या टोकाएवढे चार-पाच खोल खड्डे होते, प्रत्येकावर पांढुरकी मऊ खपली. एकदिश प्रवाह त्वचेतून जाताना मायनसच्या बाजूला अल्क, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखा दाहक पदार्थ, तयार होतो आणि तो त्वचा आतून पोखरतो. दुखतं त्यामानाने कमी आणि जातं खोल. मुलगा नंतर म्हणाला, “चुणचुणत होतं. मला वाटलं, लागू पडतंय.”

दुसरी भेट

एकोणीस दिवसांनी मामा स्वतः घेऊन आले. गणपती तोंडावर आलेले. दाराशीच म्हणाले, “साहेब, हे पोरगं झोपतच न्हाई ओ. चार दिवस झालं, नुसतं बोलायलंय.”

मुलगा आत आला तो हसतच. बोलणं भरधाव, एका विषयातून दुसऱ्यात. तालमीच्या मंडळाला त्याने अकरा हजारांची वर्गणी कबूल केली होती, खिशात हजारही नसताना. मंडळाच्या सजीव देखाव्याची संहिता एका रात्रीत लिहून काढली होती, आणि एमपीएससी सोडून यंत्र बनवण्याचा कारखाना काढायचा म्हणत होता. भास नव्हते, संशय नव्हता, वेळ-जागेचं भान नीट होतं.

कोल्हापुरात गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस अर्ध्या गल्लीतली पोरं रात्रभर जागी असतात. मंडपात काम करणाऱ्यांमध्ये हा एक जास्त उत्साही, एवढंच घरच्यांना वाटत होतं. आधीच्या मरगळीनंतर त्यांना तर ते बरंच वाटलं होतं. मामांना खटकली ती एकच गोष्ट: दिवसाही तो थकत नव्हता.

यावेळी मी मामांना बाहेर बसायला सांगितलं. दार लावलं. खुर्ची त्याच्या बाजूला घेतली आणि म्हटलं, “ती इस्त्री नव्हती. मी चिडणार नाही, कुणाला सांगायच्या आधी तुला विचारीन. डोक्याला काय लावतोस?” तो दोन क्षण गप्प बसला. मग सॅकमधून वही काढून माझ्यासमोर ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, कुणीतरी एकदाचं विचारलं याचा आनंद होता.

मग सगळं आलं. जुलैत गावी गेला असताना पहाटेच्या जागरणासाठी एका डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम ही नैराश्याची गोळी सुरू केली होती, ती तो रोज घेत होता. त्यांना यंत्राबद्दल बोलला नव्हता. जूनमध्ये ‘सकाळी उठूच नये’ असं वाटायचं, हे त्याने मी थेट विचारल्यावर सांगितलं. जिवाचं काही करून घेण्याचा बेत कधी नव्हता, आता तर विचारही नव्हता. आणि एक गोष्ट त्याने सहज बोलताना सांगितली. थोरले चुलते मधूनच ‘उधळायचे’. एकदा म्हैस विकून मोटारसायकल आणली, लोकांना जेवणं घातली आणि नंतर सहा महिने अंथरुणातून उठले नाहीत. घरात त्याला अंगात येणं म्हणायचे.

मामांच्या टेबलावर

त्याच संध्याकाळी मुलाच्या संमतीने मामांनी ते यंत्र दुकानात उघडलं. मीही गेलो. तिथे जे पाहिलं ते मला कुठल्याही शोधनिबंधातून इतकं लख्ख कळलं नसतं.

सर्किट चांगलं होतं. प्रवाह ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवणारी एलएम३३४ ही चिप होती. मल्टिमीटर लावल्यावर काटेकोर दोन मिलिअँपिअर. मुलाचा सगळा भरवसा त्या आकड्यावर होता. पण उजवीकडचा मोठा स्पंज घसरतो म्हणून त्याने काढून टाकला होता आणि दोन सेंटिमीटर बाय दोन सेंटिमीटरचा तुकडा, मागे डब्याच्या झाकणाची स्टीलची पट्टी, असा जुगाड केला होता. संशोधनात सहसा पाच बाय सातचा, म्हणजे पस्तीस चौरस सेंटिमीटरचा स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवून लावतात. चार चौरस सेंटिमीटरमधून तोच प्रवाह गेला तर त्वचेच्या प्रत्येक बिंदूवर भार जवळपास नऊपट होतो. तोही स्पंज पूर्ण ओला असेल तर. चाळीस मिनिटांत तो कडेने सुकायचा, नळाचं पाणी आणि अंदाजाने टाकलेलं मीठ. सुकलेल्या भागातून वीज जात नाही, चिप मात्र दोनचा आकडा सोडत नाही, मग सगळा प्रवाह उरलेल्या ओल्या ठिपक्यांतून घुसतो.

मामांनी ते मीटर, पट्टी, स्पंज उलटसुलट पाहिलं आणि भाच्याला म्हणाले, “आर्मेचरला ब्रश पुरता टेकला न्हाई की काय हुतंय?” मुलगा म्हणाला, “कॉम्युटेटरला खड्डे पडतात.” म्हणजे मोटरमध्ये ब्रश टेकतो त्या तांब्याच्या कड्याला. “मग हे कपाळ काय तांब्याचं हाय व्हय रे?” मुलाचा हात आपोआप भुवईकडे गेला. मी दहा मिनिटं अल्क, घनता वगैरे समजावलं होतं, ते या एका वाक्याने पोहोचलं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या लवकर उतरतात म्हणून जुलैच्या शेवटी त्याने मोबाइलचा स्वस्त चार्जर जोडला होता, पुढे व्होल्टेज वाढवणारं मॉड्यूल. मामांनी चार्जरच्या बाहेरच्या टोकाला टेस्टर टेकवला, तो मिणमिणला. ते म्हणाले, गळती आहे. एवढ्याने माणूस मरत नाही, पण चार्जरच्या आतलं २३० व्होल्ट आणि बाहेरचं पाच व्होल्ट यांना वेगळं ठेवणारं इन्सुलेशन फुटलं तर घरातली सगळी वीज ओल्या डोक्यावर. घर जुनं, पावसाळ्यात भिंती ओल धरलेल्या, अर्थिंग नावाला. वहीत एक नोंद होतीच: ‘लाइट गेली, डोळ्यांसमोर पांढरा लखलखाट, चक्कर.’ प्रवाह हळूहळू चढवायचा आणि उतरवायचा असतो. तो एकाएकी तुटला की असंच होतं.

पर्याय

त्या रात्री मामांच्या घरी बसून आम्ही काय काय तोललं ते सांगतो, कारण यातला प्रत्येक पर्याय कुणाला ना कुणाला मनापासून योग्य वाटत होता.

वडील फोनवर होते. त्यांचं म्हणणं सरळ: “ते खोकं पंचगंगेत टाका आन पोराला गावाकडं धाडा.” त्यांच्या आवाजातली भीती मी समजू शकत होतो. पण पाचशे रुपयांचं यंत्र हा मुलगा दोन दिवसांत पुन्हा बनवेल, आणि यावेळी वही लपवेल. गावी पाठवणं म्हणजे मानसोपचारतज्ज्ञापासून साठ किलोमीटर लांब. तरीही वडिलांच्या म्हणण्यातला एक भाग मला हवा होता: मुलाने एकटं राहू नये.

मामांचा पर्याय मला अनपेक्षित होता. “साहेब, मी नीट बनवून देतो की. मोठं स्पंज, बॅटरीवर चालणारं, टायमर लावून. चोरून करण्यापरीस माझ्यासमोर करंल.” मी यावर खरोखर विचार केला. जो थांबणारच नाही त्याचं निदान नुकसान कमी करावं, हा विचार वैद्यकात नवा नाही. आणि नियमात राहून वापरलं तर टीडीसीएस सुरक्षित दिसतं, हेही खरं. २०१६ साली ३३,२०० हून अधिक सत्रांचा आढावा घेतला गेला तेव्हा ठरलेल्या मर्यादेत गंभीर इजेची एकही नोंद सापडली नाही. पण त्या सत्रांतली माणसं निवडलेली होती, दर खेपेला कुणीतरी त्यांना पाहत होतं, आणि आज मूड कसा आहे हे विचारत होतं. मामा स्पंज बघू शकले असते. झोपेचा रकाना वाचून त्याचा अर्थ लावणं हे त्यांचं काम नव्हतं. शिवाय त्या क्षणी मुलगा चढलेल्या अवस्थेत होता. अशा वेळी चांगलं यंत्र आणि वाईट यंत्र यात फार फरक उरत नाही. मी नाही म्हटलं. मामा थोडे हिरमुसले, त्यांना मदतच करायची होती.

तिसरा पर्याय माझा स्वतःचा, आणि तोही चुकीचा ठरला असता: नैराश्याची गोळी मीच लगेच बंद करून, झोपेचं औषध देऊन आठवडाभर वाट पाहणं. गोळी बंद व्हायला हवी होती, पण नुसती झोपेची गोळी देऊन हा वेग थांबत नाही. चुलत्यांचा इतिहास बघता वाट पाहण्यात धोका होता.

उरला तो मानसोपचारतज्ज्ञांचा. घरच्यांचा विरोध ‘वेड्याच्या डॉक्टरकडे’ या शब्दांत आला नाही, पण लग्नाचं वय, गावातली चर्चा हे सगळं बोलण्याच्या खाली होतंच. मामीने ते मिटवलं. ती म्हणाली, “कपाळ दाखवाय आलो तवा लाज वाटली न्हाई, मग आता कसली?”

काय केलं

मी तिथूनच ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी भेट ठरली. त्यांनी निदान केलं हायपोमेनियाचं, म्हणजे उन्मादाची सौम्य पायरी. दाखल करण्याची गरज नव्हती, घरी कायम कुणीतरी सोबत असेल या अटीवर. एस्सिटालोप्राम थांबवलं, रात्रीचं एक औषध सुरू केलं. थायरॉईड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करून मग लिथियम, मनाचे चढउतार आवरणारं औषध. थायरॉईड वाढला तरी माणूस असाच वागू शकतो, तो नॉर्मल निघाला. यंत्राच्या वायरी मुलाने स्वतः कापल्या. मोबाइल आणि पैसे पंधरा दिवस मामीकडे राहतील हे त्याने कागदावर लिहून दिलं. वर्गणीचं मंडळाच्या अध्यक्षांशी मामा बोलले. त्यांनी आकडा खोडून एकशे एक केला आणि कुठे बोलले नाहीत. मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिली.

नेमकं कशामुळे झालं? इथे मला प्रामाणिक राहायला हवं. तीन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या: वीजप्रवाह, नैराश्याची गोळी, आणि तुटलेली झोप. चौथी, चुलत्यांकडून आलेला कल, आधीपासून होता. ब्राझीलमध्ये २४५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टीडीसीएसची तुलना याच गोळीशी केली होती. त्यात टीडीसीएस गोळीच्या तोडीचं ठरलं नाही, आणि टीडीसीएस घेतलेल्या दोघांना नव्याने उन्माद झाला, तोही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. नैराश्यावरच्या या जातीच्या गोळ्या प्रवाहाचा परिणाम लांबवतात, हेही प्रयोगांत दिसलं आहे. एवढं असूनही या मुलाच्या बाबतीत एकाच गोष्टीवर बोट ठेवायला मी तयार नाही. मुलाला मात्र ‘तुझ्यामुळे झालं’ असं कुणी म्हणू नये यासाठी मी घरच्यांना हे सगळं दोनदा समजावलं.

आणखी दोघं

तिसऱ्या भेटीत, झोप पाच तासांवर आल्यावर, मुलाने दबक्या आवाजात विचारलं, “सर, ज्याला लहानपणी फिट यायची त्याला याने काय होतं?” अभ्यासिकेतल्या दोन मित्रांनी यंत्र लावून पाहिलं होतं. त्यातल्या एकाला सातवीपर्यंत झटके येत होते, गोळ्या चालू होत्या. त्याने दोनदा लावलं होतं.

बहुतेक अभ्यासांत झटक्यांचा इतिहास असलेल्यांना, डोक्यात धातूचं काही बसवलेलं असलेल्यांना घेतच नाहीत. माझ्यापुढे प्रश्न होता की त्या मित्राच्या घरी कळवायचं का. तो माझा पेशंट नव्हता, सज्ञान होता. मी मुलालाच सांगितलं, तू त्याला माझ्याकडे घेऊन ये, फी नाही, घरी कळणार नाही. दोघंही दोन दिवसांनी आले. सुदैवाने कुणाला काही झालं नव्हतं. ज्याला झटके यायचे त्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि रात्रीची जागरणं बंद कर असं सांगितलं, कारण त्याच्यासाठी झोपमोड हाच मोठा धोका आहे. तो म्हणाला, “मला वाटलं, मेडिकलमध्ये मिळत नाही म्हणजे औषध नाही, मग साइड इफेक्ट कसला?” हे वाक्य मी त्याच दिवशी लिहून ठेवलं.

पुढे काय झालं

दोन आठवड्यांत झोप साडेसहा तासांवर आली. बोलण्याचा वेग तिसऱ्या आठवड्यात उतरला. उतरल्यावर महिनाभर तो उदास होता आणि तेव्हा मला जास्त काळजी वाटली. मामीने त्या दिवसांत त्याला एकट्याला जेवू दिलं नाही. जखम सहा आठवड्यांत भरली. भुवईच्या वर फिकट डाग आणि तीन बारीक खळ्या राहिल्या, त्या बहुधा राहतीलच. त्या वर्षीची मुख्य परीक्षा त्याने दिली नाही. सकाळी चार तास तो मामांच्या दुकानात बसतो, दुपारनंतर अभ्यास. लिथियम चालू आहे, रक्ततपासणी ठरल्या वेळी होते. निदान बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा आजार, म्हणून पक्कं करायचं का, हे मानसोपचारतज्ज्ञांनी अजून खुलं ठेवलं आहे. मध्यंतरी त्याने विचारलं, हेच उपचार निम्हान्ससारख्या ठिकाणी नीट घेतले तर चालतील का. मी म्हटलं, तो निर्णय तुझ्या मानसोपचारतज्ज्ञांचा, आणि तुझ्या चुलत्यांची गोष्ट त्यांना माहीत असल्याशिवाय तो घ्यायचा नाही. नऊ व्होल्टची उरलेली बॅटरी मामांनी आपल्या मल्टिमीटरला घातली.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या भेटीत मामीला बाहेर थांबवायला हवं होतं. एवढ्याने एकोणीस दिवस वाचले असते. त्या एकोणीस दिवसांत झोप पाचावरून तीनवर आली होती आणि चार्जर तर रोज लागत होता. जखमेचा आकार आणि सांगितलेलं कारण जुळत नाही, तेव्हा कारण पुन्हा विचारायचं, हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. त्या दिवशी मी स्वतः ते केलं नाही.

नैराश्याची गोळी सुरू करताना घरात कुणी ‘उधळणारं’ होतं का, हे विचारायला एक मिनिट पुरतं. तेही याच शब्दांत विचारायला हवं. ‘बायपोलरचा इतिहास आहे का’ असं विचारलं असतं तर चुलते कुणाला आठवलेच नसते.

मामांना मी नाही म्हटलं त्याबद्दल मला आजही खात्री आहे. पण मुलगा चढलेल्या अवस्थेत नसता आणि ऐकायलाही तयार नसता, तर मी काय म्हटलं असतं? २०१६ साली एकोणचाळीस संशोधकांनी घरी प्रयोग करणाऱ्यांना उद्देशून खुलं पत्र लिहिलं. ‘करू नका’ एवढं सांगून ते थांबले नाहीत. परिणाम स्पंज लावल्या जागेपलीकडे पसरतात, माणसागणिक बदलतात, टिकून राहू शकतात, हे त्यांनी समजावून सांगितलं. माझाही सूर तोच राहिला असता. आणि चार्जर तर मी कुठल्याही परिस्थितीत काढून घेतला असता.

आता स्पर्धा परीक्षेचं कुणीही आलं की मी एकट्याला बसवून विचारतो: झोप किती, ती टाळायला काय घेतोस, डोक्यासाठी काय करतोस. मागच्या आठवड्यात एक मुलगी धडधड होते म्हणून आली होती. आई बाहेर बसली. मी विचारलं, तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पर्समधून जाग आणणाऱ्या गोळ्यांचं अर्धं संपलेलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.